ला पाल्मा बेटावरचे हातवळणीचे सिगार: पाहणी, पारख, खरेदी आणि भारतात आणणं

माद्रिदमध्ये राहायला आल्यापासून दर सुट्टीच्या आधी घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: "येताना सिगार आण गं, चांगले असतात म्हणे तिकडे." कोणते, किती, कुठून, हे कोणालाच सांगता येत नाही. मग माणूस विमानतळावरच्या काचेच्या कपाटातून लाकडी पेटी उचलतो, चौपट पैसे मोजतो, आणि गावी पोचेपर्यंत त्या सिगारांचा पापड झालेला असतो. हे टाळायचं असेल तर पुढचं वाचा.

हा लेख स्पेनच्या एका विशिष्ट सिगारबद्दल आहे: कॅनरी बेटांपैकी ला पाल्मावर हाताने वळला जाणारा 'पुरो पाल्मेरो'. त्यातही आतून-बाहेरून एकाच जातीच्या, त्याच बेटावर पिकलेल्या तंबाखूचा. क्युबन सिगार स्पेनमध्ये सगळीकडे मिळतात, पण तो विषय वेगळा.

एक गोष्ट आधीच. सिगार सिगारेटपेक्षा 'सौम्य' असतो हा समज चुकीचा आहे. सावलीत वाळवलेल्या काळ्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. धूर छातीत ओढला नाही म्हणून सुटका होत नाही. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या पाकिटाइतका तंबाखू भरलेला असू शकतो. तोंडाच्या कर्करोगाबद्दल महाराष्ट्रात कोणाला वेगळं सांगायला नको. जो ओढत नाही त्याने या लेखामुळे सुरू करू नये. ज्याला वळणाऱ्यांची कारागिरी पाहायची आहे, किंवा ओढणाऱ्या काकांसाठी धड काही न्यायचं आहे, त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

1. तिकीट काढण्याआधी नकाशा उघडा

हसू नका, पण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. स्पेनमध्ये एकसारख्या नावांची तीन ठिकाणं आहेत. पाल्मा हे मायोर्का बेटावरचं शहर, तिकडे भूमध्य समुद्रात. लास पाल्मास हे ग्रान कनारिया बेटावरचं मोठं शहर. आणि आपल्याला जायचंय ते ला पाल्मा हे अख्खं बेट, आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये. विमानतळाचे कोड अनुक्रमे पीएमआय, एलपीए आणि एसपीसी. तिकिटावर एसपीसी दिसला तरच पैसे भरा.

माद्रिदहून विमानाला साधारण तीन तास लागतात. तेनेरिफेला जाणारच असाल तर तिथल्या उत्तर विमानतळावरून छोटं विमान अर्ध्या तासात पोचवतं, नाहीतर दक्षिणेच्या लोस क्रिस्तियानोस बंदरातून फेरीबोट आहे. कॅनरी बेटं शेंगेनमध्येच येतात, वेगळा व्हिसा लागत नाही. घड्याळ मात्र माद्रिदपेक्षा एक तास मागे. कनेक्टिंग फ्लाइट असेल तर हे लक्षात ठेवा.

तंबाखूचा पट्टा बेटाच्या पूर्व अंगाला आहे: ब्रेन्या आल्ता, ब्रेन्या बाखा, व्हिया दे मासो. राजधानी सांता क्रूझ दे ला पाल्मा इथून हे सगळं जवळ आहे, विमानतळही याच बाजूला. बेटाच्या मधोमध आणि पश्चिमेला एल पासो, लोस यानोस ही गावं. 2021 साली 19 सप्टेंबरला ज्वालामुखी फुटला तो त्या अंगाला, आणि 13 डिसेंबरपर्यंत धुमसत होता. पूर्वेच्या बाजूला व्यापारी वाऱ्यांबरोबर ढग अडतात, हवा दमट राहते, आणि ही हवा तंबाखूच्या पानाला मानवते.

बसला इथे 'ग्वाग्वा' म्हणतात. 'आउतोबुस' म्हटलं तरी समजतं, पण ग्वाग्वा म्हटलंत की समोरचा जरा खुलतो.

2. ही कला इथे आली कशी, तेवढं जाणून घ्या

इतिहासाचा तास घेत नाही. पण दोन गोष्टी माहीत असल्या की पुढचे कर आणि दुकानं यांचे नियम आपोआप कळतात.

पहिली गोष्ट क्युबाची. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला ला पाल्मावरून माणसं पोटासाठी क्युबाला जात. तंबाखूच्या मळ्यात राबत, कारखान्यात वळायला शिकत. जी परत आली ती बियाणं आणि हातातलं कसब घेऊन आली. इथल्या कारागिरांच्या बोलण्यात आजही सगळे शब्द क्युबाच्या कारखान्यातले आहेत ते यामुळे.

दुसरी गोष्ट सरकारची. स्पेनच्या राजाने 1636 मध्ये तंबाखूची विक्री सरकारी मक्तेदारीत घेतली. कॅनरी बेटांना 1852 मध्ये मुक्त बंदरांचा दर्जा मिळाला आणि ती या मक्त्याबाहेर राहिली. मुख्य भूमीवर ज्याला तुरुंगात टाकलं असतं, तो इथे घराच्या ओट्यावर बसून राजरोस सिगार वळून विकत होता. ला पाल्मावर घरगुती कारखाने टिकले त्यामागे हे मोठं कारण आहे.

मुख्य भूमीवर काय होत होतं ते पाहायचं तर वालेन्सिया आणि कातालोनियाकडचा 'कालिकेन्यो' बघा. बारीक, वाकडातिकडा, गाठाळ, साच्यात न घातलेला, हाही एकाच प्रकारच्या तंबाखूचा. पिढ्यानपिढ्या तो चोरून वळला आणि चोरून विकला गेला. तिकडे गेलात आणि कोणी बारमध्ये काउंटरखालून सुटी जुडी काढून दिली, तर गंमत म्हणूनही घेऊ नका. कर न भरलेला तंबाखू बाळगणं हा तुमच्यासाठीही गुन्हा ठरतो. अधिकृत दुकानात बंद पाकिटात कालिकेन्यो मिळतो, तो घ्या.

3. तीन थर समजून घ्या, नाहीतर प्रश्न विचारता येणार नाहीत

हाताने वळलेल्या सिगारमध्ये तीन थर असतात.

आतलं सारण म्हणजे 'त्रिपा'. ते बांधून ठेवणारं पान 'कापोते'. आणि वरून दिसतं ते देखणं, तुकतुकीत पान 'कापा'.

बाजारातल्या बहुतेक सिगारांत हे तिन्ही थर वेगवेगळ्या देशांतून येतात. कापा इक्वेडोर किंवा इंडोनेशियाची, सारण डोमिनिकन रिपब्लिक किंवा ब्राझीलचं. ला पाल्मावरच्या कारखान्यांतही आयात पानं सर्रास वापरतात, कारण बेटावर पिकणारा तंबाखू आता थोडा आहे. यात लबाडी नाही, लपवलं तरच लबाडी. 'ला पाल्मावर वळलेला' आणि 'ला पाल्मावर पिकलेला' यांत फरक आहे, आणि लेबलवर मोठ्या अक्षरात नेहमी पहिलंच लिहिलेलं असतं.

एकाच जातीचा सिगार म्हणजे तिन्ही थर एकाच तंबाखूचे. मग चव एकसुरी होत नाही का? नाही, कारण एकाच झाडाची पानं सारखी नसतात. खालची पानं, 'व्होलादो', पातळ आणि पटकन पेटणारी, जवळजवळ बेचव. मधली 'सेको', वास त्यांचा. शेंड्याकडची 'लिखेरो', ऊन खाल्लेली, जाड, तेलकट, कडक. कारागीर ही पानं प्रमाणात मिसळतो. लिखेरो नेहमी मधोमध ठेवतो, कारण ते सावकाश जळतं. कडेला आलं तर सिगार एका बाजूने जळत सुटतो.

आपल्याकडे निपाणीचा तंबाखू ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पटकन कळेल. पान शेंड्याचं की बुडाचं यावर तिथेही भाव बदलतो. फरक एवढाच की तिकडचं पीक चुरा होऊन विडीत जातं, आणि इथे पान अखंड राहणं हाच सगळा खटाटोप.

4. आधी संग्रहालय, मग कारखाना

ब्रेन्या आल्तामध्ये, सान पेद्रो गावात, लोस आलामोस बागेत पुरो पाल्मेरोचं संग्रहालय आहे. लहानच आहे. त्याच वास्तूत गावच्या क्रूस-उत्सवाचाही विभाग आहे. तीन मेच्या सुमाराला गेलात तर गावोगावचे सजवलेले क्रूस रस्त्यावरच पाहायला मिळतील. बी पेरण्यापासून पेटी भरण्यापर्यंतचा क्रम इथे डोळ्यांखालून घाला. तंबाखूचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त बिया मावतात. हे वाचून पुढे गेलात की कारखान्यात वेळ वाया जात नाही.

कारखाना म्हणजे मोठी शेड डोळ्यांसमोर आणू नका. इथे त्याला 'चिंचाल' म्हणतात: घराची एखादी खोली, दोन-तीन टेबलं, भिंतीला साचे, कोपऱ्यात ओलसर फडक्याखाली पानं. पाटी असेलच असं नाही. राहता त्या ठिकाणच्या मालकांना किंवा गावच्या पर्यटन कार्यालयात विचारा, ते फोन करून वेळ ठरवून देतात. न विचारता धडकू नका. दुपारी दीड ते चारच्या दरम्यान तर नकोच. दार वाजवलंत तर उघडतील, पण जेवणावरून उठून आलेला माणूस तुम्हाला काही शिकवणार नाही.

5. टेबलाशी उभं राहून काय बघायचं

इथे घाई करू नका. सगळ्या प्रवासाचं चीज याच अर्ध्या तासात आहे.

कारागिरासमोर लाकडी फळी असते आणि हातात 'चावेता', अर्धचंद्रासारखं, मुठीशिवायचं पातळ पातं. कापणं, सारखं करणं, गोल फिरवून दाबणं, सगळं याच पात्याने. आधी पानाची मधली शीर सोलून काढतात. त्यामुळे पानाचे दोन अर्धे होतात, एक डावा, एक उजवा. यातली गंमत नीट बघा: डाव्या अर्ध्याची कापा एका दिशेने गुंडाळतात, उजव्याची उलट दिशेने. का? तर पानाच्या उपशिरा सिगारच्या लांबीला लागून याव्यात, आडव्या येऊ नयेत. एकाच पेटीत दोन सिगार उलटसुलट वळणाचे दिसले तर तो दोष समजू नका. एकाच पानाचे ते दोन तुकडे असू शकतात.

सारणाची पानं हातात घेऊन पंख्याच्या घडीसारखी दुमडतात. धूर जायला मध्ये पोकळ्या राहिल्या पाहिजेत. पुस्तकासारखी सरळ घडी केली तर काम पटकन होतं, पण मग सिगार एका अंगाला गच्च आणि दुसऱ्या अंगाला पोकळ. कापोतेत गुंडाळून तयार झालेला कच्चा सिगार साच्यात घालून दाबाखाली ठेवतात. साधारण अर्ध्या तासाने काढून जरा फिरवून पुन्हा ठेवतात, म्हणजे साच्याच्या सांध्याची रेघ पडत नाही.

मग कापा. ओलसर, रबरासारखी ताणणारी. बोटांनी ताणत तिरकी गुंडाळत नेतात आणि तोंडाशी वनस्पतीचा डिंक बोटावर घेऊन टोपी चिकटवतात. टोपी म्हणजे त्याच पानातून कापलेली छोटी गोल चकती. इथे कारागीर क्षणभर थांबतो, सिगार डोळ्यांसमोर आडवा धरून बघतो, आणि मान हलवून बाजूला ठेवतो किंवा टोपी उकलून पुन्हा बसवतो. सोलापूर-सिन्नरकडे विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांचा वेग ज्यांनी पाहिलाय, त्यांना इथला वेग कमी वाटेल. वेगावर इथे कोणी पैसे देत नाही.

वळून झालेला सिगार ओला असतो, लगेच ओढायचा नसतो. देवदाराच्या कपाटात तो आठवडेच्या आठवडे पडून राहतो. "आत्ताच वळलेला ताजा घ्या" असं कोणी म्हणालं तर आठवण म्हणून एखादा घ्या, पेटीभर घेऊ नका.

फोटो काढण्याआधी विचारा. हाताचे फोटो बहुतेक जण काढू देतात.

6. हे प्रश्न विचारा

स्पॅनिश येत नसेल तर मोबाइलवर लिहून न्या. उच्चार चुकले तरी चालतात.

"तोदो एस देल मिस्मो ताबाको?" म्हणजे सगळा एकाच तंबाखूचा आहे का?

"ला कापा एस दे आकी?" म्हणजे वरचं पान इथलं आहे का? हा प्रश्न वेगळा विचारायचाच. सारण स्थानिक आणि कापा बाहेरची, ही तडजोड सगळ्यात जास्त होते, कारण देखणं, न फाटलेलं मोठं पान पिकवणं सगळ्यात अवघड.

"त्रिपा लार्गा?" म्हणजे सारण अखंड पानांचं आहे का? तुकड्यांचं असेल तर 'त्रिपा कोर्ता'. तुकड्यांचे सिगार स्वस्त असतात, वाईटच असतात असं नाही, पण अखंड पानाच्या भावाने घेऊ नका.

"दे के आन्यो एस ला कोसेचा?" म्हणजे कोणत्या वर्षीचं पीक? वर्ष कोणतं यापेक्षा उत्तर कसं येतं ते बघा. ज्याने पान स्वतः घेतलंय, आंबवलंय, तो थांबत नाही, लगेच सांगतो. जो फक्त माल आणून विकतो तो पेटीकडे बघतो.

स्थानिक जातींत 'पेलो दे ओरो' हे नाव तुमच्या कानावर पडेल. मुळात हे क्युबन वाण.

7. निवडताना हात, डोळा आणि नाक वापरा

अंगठा आणि तर्जनीत सिगार हलकेच दाबत टोपीपासून पायापर्यंत या. सगळीकडे सारखं लवचिक लागलं पाहिजे. मध्येच दगडासारखी गाठ लागली तर तिथे धूर अडणार. एखादी जागा पोचट लागली तर तिथे तो भसाभस जळणार.

पायाकडचं उघडं टोक बघा. अखंड पानांच्या घड्या स्पष्ट दिसतात. तुकडे असतील तर चहाच्या भुकटीसारखं दिसतं.

वास घ्या. गोठ्यासारखा, नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पान नीट आंबलेलं नाही. पानांचे ढीग रचून, आतून गरम होऊ देऊन, उलथून पुन्हा रचतात. त्या काळात हा वास निघून जायला हवा. घाईत बाजारात आणलेल्या मालात तो राहतो. असा सिगार ओढला की घसा धरतो आणि चक्कर येते.

रंगावर जाऊ नका. काळा म्हणजे कडक हे खरं नाही. बँडवर, म्हणजे सिगारभोवतीच्या छापील पट्टीवर, तर मुळीच जाऊ नका. आमच्याकडच्या काका मंडळींचं सोनेरी बँड बघूनच अर्धं समाधान होतं. चिंचालमधल्या सिगारला बऱ्याचदा साधी कागदी पट्टी असते किंवा तीही नसते, कागदात गुंडाळून रबर लावलेली जुडी हातात देतात. भेट द्यायची असेल तर पेटी वेगळी मागा.

आकार: जाडीचा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागात सांगतात. 42 म्हणजे पावणेसतरा मिलिमीटर, 50 म्हणजे वीस मिलिमीटरच्या जवळपास. हल्ली जाडजूड सिगारांची फॅशन आहे. माझं मत विचाराल तर एकाच तंबाखूचा सिगार 42च्या आसपासच घ्यावा. त्यात सारणाच्या मानाने कापेचा वाटा जास्त असतो, आणि जी कापा बेटावरच पिकली म्हणून आपण एवढ्या लांब आलो तिची चव कळते.

किनाऱ्यावर किंवा बाजारात कोणी 'खरे क्युबन, कारखान्यातल्या कामगाराकडून' म्हणून पेटी दाखवली तर पुढे चालू लागा.

8. दुकान, किंमत आणि पावती

मुख्य भूमीवर तंबाखू मुख्यतः सरकारी परवान्याच्या दुकानात मिळतो. त्याला 'एस्तांको' म्हणतात, बाहेर तपकिरी-पिवळी 'ताबाकोस' पाटी असते. किंमत सरकारी राजपत्रात जाहीर होते, म्हणून माद्रिदच्या मध्यवर्ती चौकातही तीच आणि खेड्यातही तीच. घासाघीस करू नका, दुकानदाराच्या हातात काही नसतं. कॅनरी बेटांवर हा नियम नाही. तिथे किंमत दुकानागणिक बदलते आणि कर कमी असल्यामुळे माल स्वस्त पडतो. चिंचालमधून थेट घेतलंत तर आणखी बरं.

वय 18 पूर्ण हवं, स्पेनमध्येही आणि भारतातही. बंद जागेत ओढायला स्पेनमध्ये 2 जानेवारी 2011 पासून बंदी आहे, बार आणि हॉटेलांसह.

पावती मागूनच घ्या: "ला फाक्तूरा, पोर फावोर." छोट्या कारखान्यात हाताने लिहून देतात, चालते. त्यावर नग आणि रक्कम दोन्ही असू द्या.

9. दोन सीमाशुल्क, दोन मर्यादा

नवख्याला हे सुचतही नाही: ला पाल्माहून माद्रिदला जाताना देश बदलत नाही, पण कराची हद्द बदलते. कॅनरी बेटं युरोपीय संघाच्या उत्पादन शुल्काच्या क्षेत्राबाहेर आहेत. म्हणून तिथून मुख्य भूमीवर येताना माणशी 50 सिगारांची मर्यादा आहे. माद्रिदला उतरल्यावर हिरव्या वाटेने (शुल्क भरण्यासारखं काही जवळ नाही म्हणणाऱ्यांची वाट) बाहेर पडताना बॅग उघडायला सांगू शकतात, आणि "पण मी तर स्पेनमधूनच आले" हे उत्तर तिथे चालत नाही.

भारतात शुल्काशिवाय माणशी 25 सिगार, किंवा 100 सिगारेटी, किंवा 125 ग्रॅम तंबाखू. यातलं एकच, तिन्ही मिळून नव्हे. तुमची खरी मर्यादा हीच 25ची. त्याहून जास्त असतील तर लाल वाटेने जाऊन सांगा, शुल्क जबर असतं. हे नियम अधूनमधून बदलतात, निघण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर एकदा बघाच. टपालाने किंवा कुरिअरने पाठवायच्या भानगडीत पडू नका. पार्सल अडकतं आणि सोडवण्यात सिगारांपेक्षा जास्त पैसे जातात.

जवळ ठेवायचं:
- पासपोर्ट आणि बोर्डिंग पास
- नग लिहिलेली पावती
- मूळ पेटी किंवा पाकीट, त्यावरचा आरोग्य-इशारा आणि लेबल न काढता
- हवाबंद डबा आणि आर्द्रतेची पुडी (डब्यातली ओल कमी-जास्त होऊ न देणारी)
- मऊ कागद, पेटीतली पोकळी भरायला

सिगार केबिन बॅगेत ठेवा. सामानाच्या पोटात थंडी आणि आदळआपट दोन्ही असतात, कापा तडकते. लायटर विकत घेऊ नका. जेट-लायटर विमानात कुठेच चालत नाही, आणि साधा लायटर किंवा काडेपेटी भारतातल्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

10. घरी आणल्यावर: नागपुरात वेगळं, मुंबईत वेगळं

सिगार म्हणजे मेलेलं पान नव्हे, हवेतलं पाणी ते घेतं आणि सोडतं. त्याला 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 18 ते 20 अंश तापमान मानवतं. नागपूरच्या एप्रिलमध्ये उघडा ठेवलात तर दोन दिवसांत कुरकुरीत. मुंबई-कोकणात जुलैमध्ये उघडा ठेवलात तर बुरशी. फ्रीजमध्ये ठेवण्याची आपल्याकडे फार हौस. फ्रीज कोरडा असतो आणि त्यात कालची आमटीही असते, सिगार दोन्ही शोषून घेतो.

महागड्या लाकडी पेटीची गरज नाही. जाड काचेचा किंवा प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा, तळाशी 65 किंवा 69 टक्क्यांची दुहेरी आर्द्रता-पुडी (ऑनलाइन बोवेदा नावाने मिळते) आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक, एवढं पुरतं. स्पॅनिश देवदाराची एखादी फळी मिळाली तर आत ठेवा, नाही मिळाली तरी अडत नाही.

मापकावर आंधळा विश्वास नको, स्वस्त मापक बरेच चुकतात. तपासणी घरच्या घरी होते: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी 75 टक्के दिसायला हवेत. 71 दिसले तर तुमचा मापक चार टक्के कमी दाखवतो, तेवढे मनात मिळवत जा.

पांढरे डाग दिसले तर "हे तर मुरल्याचं लक्षण" असं सांगणारे बरेच भेटतील. बहुतेक वेळा ती बुरशीच असते. पायाच्या टोकावर, आतल्या पानांत दिसली तर फेकून द्या.

आणि भुंगेरा. हळदीच्या, मिरचीच्या बरणीत जो बारीक तपकिरी किडा होतो तोच तंबाखूतही होतो. अंडी पानात आधीपासून असू शकतात, दिसत नाहीत. तापमान चोवीस-पंचवीसच्या वर राहिलं की फुटतात, आणि आपल्याकडे ते वर्षातले बरेच महिने तसंच असतं. कापेवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक आणि तळाशी तपकिरी भुकटी दिसली की समजा लागण झाली. उपाय तोच जो प्रतिबंध: आल्याबरोबर सगळे सिगार दोन झिपच्या पिशव्यांत, हवा काढून, बंद करा. एक दिवस फ्रीजमध्ये, मग डीप फ्रीजरमध्ये तीन दिवस, घरचा फ्रीजर उणे अठरापर्यंत जात नसेल तर पाच दिवस. मग पुन्हा एक दिवस खालच्या फ्रीजमध्ये. थेट फ्रीजरमधून बाहेर काढले तर कापा फाटते. बाहेर काढल्यावरही पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरतं.

त्यानंतर डब्यात महिनाभर हात लावू नका. प्रवासात पान आतून-बाहेरून असमान सुकलेलं असतं, ते बरोबरीला यायला तेवढा वेळ लागतो. काकांचा फोन येईल, येऊ द्या.